२१ चित्रांची यादी आणि तिने वाचकाला दिलेला शब्द

जून २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या बझफीड या संकेतस्थळावर एक लेख आला. ‘माणुसकीवरचा तुमचा विश्वास परत मिळवून देतील अशी २१ चित्रं’, असा त्याचा मथळा. लेख म्हणजे एकाखाली एक लावलेली २१ छायाचित्रं, प्रत्येकाला क्रमांक आणि सोबत एखाद-दुसरी ओळ. प्रस्तावना नावापुरती आणि समारोप नाहीच. जॅक शेफर्ड या संपादकाने ही यादी जुळवली होती. फेसबुकवरून ती हातोहात फिरली आणि तिला पाहणाऱ्यांचा आकडा पुढे एक कोटीच्या वर गेला.

यादीवजा लेख लोकांना एवढे का ओढून घेतात, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. या लेखनप्रकाराचं सगळं बळ त्या एका यादीत आहे, आणि त्यातून जे हातचं निसटतं तेही त्यातच दिसतं. यादी म्हणजे आळशी वाचकांसाठीचा खाऊ, असं म्हणून बाजूला होणाऱ्यांशी माझं पटत नाही. यादी वाचकाला काही शब्द देते आणि बहुतेक वेळा तो पाळते, म्हणून वाचक तिच्याकडे जातो. पाळलेला शब्द आवडणं हा काही वाचकाचा दोष नव्हे.

आधी यादीत काय होतं ते पाहू. शिकागोत समलिंगी लोकांच्या प्राइड मिरवणुकीत चर्चच्या वागणुकीबद्दल माफी मागणारे फलक घेऊन उभे असलेले ख्रिस्ती लोक होते. फुकुशिमाच्या दुर्घटनाग्रस्त अणुवीज केंद्रात तरुणांऐवजी आम्हाला पाठवा म्हणणारे जपानी ज्येष्ठ नागरिक होते. पाण्यात पडलेली मेंढी बाहेर काढणारे नॉर्वेतले दोघे तरुण होते. शालेय शर्यतीत कोसळलेल्या प्रतिस्पर्धी मुलीला आधार देत अंतिम रेषेपर्यंत नेणारी ओहायोतली एक धावपटू होती. ही घटना तर यादीच्या काही दिवसच आधीची. बेरोजगार असाल आणि मुलाखतीला जायचं असेल तर कपडे फुकट धुऊन देऊ, अशी पाटी लावलेलं एक लाँड्रीचं दुकान होतं. कैरोत नमाज पढणाऱ्या मुसलमानांभोवती हात धरून कडं केलेले ख्रिस्ती होते. आणि आपल्याकडचं एक चित्रही होतं: २०११ च्या पुरात कटकजवळ गुडघ्याच्या वर पाणी, आणि डोक्यावरच्या टोपलीत मांजरीची पिल्लं घेऊन चाललेला एक माणूस.

या चित्रांना एकत्र बांधणारं काय आहे? देश वेगळे, वर्षं वेगळी, प्रसंगाचं वजनही वेगळं. मेंढी वाचवणं आणि धार्मिक हिंसाचाराच्या सावटाखाली दुसऱ्याच्या प्रार्थनेला राखण करणं या एका पंगतीला बसणाऱ्या गोष्टी नाहीत. त्यांना धरून ठेवतो तो फक्त मथळा. मथळ्याने वाचकाला आधीच सांगून ठेवलंय की तुला इथे काय वाटणार आहे, आणि किती वेळा. यादीवजा लेखाचं हे पहिलं वैशिष्ट्य: इतर लेखांत मथळा मजकुराची ओळख करून देतो, यादीत मथळाच मजकुराला जोडतो. तो काढला तर उरतो तो नुसता चित्रांचा ढीग.

आता आकड्याकडे येऊ, कारण खरी ओढ तिथे सुरू होते.

‘माणुसकीवरचा विश्वास वाढवणारी चित्रं’ आणि ‘२१ चित्रं’ या दोन मथळ्यांत मोठा फरक आहे. पहिल्यात वाचकाला कामाचा अंदाज येत नाही. दुसऱ्यात येतो. स्क्रीनवर वाचताना हातात पानांची जाडी नसते, किती उरलंय ते बोटांना कळत नाही. छापील मासिक चाळताना लेख तीन पानांचा आहे की तेरा, हे नजरेला आपोआप कळतं आणि बसमध्ये कुठला वाचायचा आणि घरी कुठला, ते आपण न ठरवता ठरवतो. वेबने ही सोय काढून घेतली. आकड्याने ती परत दिली. सातव्या क्रमांकावर असलेल्या माणसाला नेमकं ठाऊक असतं की चौदा उरलेत. आपण कुठे आहोत हे कळत राहिलं की पुढे जायला माणूस तयार असतो, हे घाट चढणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

बरं, आकडा २१ च का? मॅथ्यू आयझॅक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी २०१४ मध्ये क्रमवारीच्या याद्यांवर एक संशोधन प्रसिद्ध केलं. माणसाचं मन याद्यांचे गट पाडतं ते पूर्ण आकड्यांवर, असं त्यांना दिसलं. अकराव्यावरून दहाव्या क्रमांकावर येणं हे दहाव्यावरून नवव्यावर येण्यापेक्षा मोठी झेप वाटते, जरी फरक एकाचाच असला. पहिले दहा, पहिले वीस ही मनातली कुंपणं आहेत. आता माझा तर्क असा, की म्हणूनच ‘२०’ हा आकडा ठरवून गाठल्यासारखा वाटतो आणि ‘२१’ मोजून आल्यासारखा. जुळवणाऱ्याकडे एवढीच चांगली चित्रं होती, एक जास्त आलं ते टाकवेना म्हणून ठेवलं, असा भास त्यातून होतो. तो भास विश्वासाला पोषक असतो. पुढे जगभरच्या संकेतस्थळांनी १७, १९, २३ असे आकडे ठरवून वापरायला सुरुवात केली आणि त्या भासातली जान गेली, पण २०१२ मध्ये तो ताजा होता.

वाचनाच्या सवयीबद्दलही थोडं बोललं पाहिजे. लोक वेब कसं वापरतात याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी १९९७ मध्येच दाखवून दिलं होतं की वेबवरचं पान बहुतेक लोक शब्द न् शब्द वाचत नाहीत. त्यांच्या पाहणीत १०० पैकी ७९ जण नवं पान फक्त चाळत होते, नीट वाचणारे १६. हे आकडे लोक वाचकाला नावं ठेवायला वापरतात. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेब्रास्का राज्यातल्या प्रेक्षणीय स्थळांची माहिती देणारा एकच मजकूर वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून लोकांपुढे ठेवला. मजकूर निम्मा केला, जाहिरातबाजी काढली आणि स्थळं सलग परिच्छेदाऐवजी यादीत मांडली, तेव्हा त्या पानाची उपयुक्तता त्यांच्या मोजमापाने १२४ टक्क्यांनी वाढली. तेच राज्य, तीच स्थळं. म्हणजे चाळणारा वाचक हा न वाचणारा वाचक नव्हे. तो शोधत असतो, आणि यादी त्याच्या शोधण्याला हात देते.

बझफीडच्या यादीने हा हात फार नीट दिला. प्रत्येक चित्र स्वतःपुरतं पूर्ण होतं. नववं समजायला आठवं पाहिलेलं असण्याची गरज नव्हती. मध्येच फोन आला, लोकलमधून उतरावं लागलं, तरी काही सुटत नव्हतं. आणि सगळी चित्रं एकाच पानावर होती. हे आज क्षुल्लक वाटेल, पण त्या काळी बऱ्याच संकेतस्थळांवर अशी यादी पानापानांत तोडलेली असे. पुढचं चित्र पाहायला बाण दाबा, नवं पान उघडेपर्यंत थांबा, नव्या पानावर नव्या जाहिराती. एका वाचकाकडून वीस पानं उघडल्याची नोंद मिळवायची ही युक्ती. आपल्याकडच्या मराठी संकेतस्थळांवर फोटो गॅलरी नावाखाली ती बरीच वर्षं चालली. बझफीडला तिची गरज नव्हती, कारण त्यांचं उत्पन्न तेव्हा पट्टीच्या जाहिरातींवर नव्हतं; कंपन्यांसाठी त्यांच्याच धर्तीच्या याद्या बनवून देण्यावर होतं. पैसे कसे मिळतात यावरून वाचकाला कशी वागणूक मिळते ते ठरतं, याचं हे स्वच्छ उदाहरण आहे.

इथे मला दासबोध आठवतो, आणि ती आठवण ओढूनताणून आणलेली नाही. दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात समर्थांनी मूर्खाची लक्षणं दिली आहेत. एकामागून एक ओवी, आणि शेवटी पुन्हा पुन्हा तेच पालुपद: तो एक मूर्ख. प्रत्येक ओवी सुटी, कुठूनही उचला, अर्थ पुरा. मराठी घरांत हा समास पाठ असणारी माणसं अजून आहेत, आणि ज्यांना बाकीचा दासबोध ठाऊक नाही त्यांनाही ही लक्षणं ठाऊक असतात. ऐकताना प्रत्येक जण दोन गोष्टी करतो: यातलं आपल्याला कुठलं लागू पडतं ते मनात चाचपतो, आणि शेजाऱ्याला कुठलं लागू पडतं ते लगेच ओळखतो. यादीची ही ताकद साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्याला कळलेली होती. सुटी ओवी तोंडात राहते, दुसऱ्याला म्हणून दाखवता येते. तेव्हा यादीची आवड इंटरनेटने निर्माण केली, हे म्हणणं मला मान्य नाही. इंटरनेटने तिला वेग दिला आणि बाजार दिला.

वेग कसा मिळाला, तेही पाहायला हवं. बझफीडचे संस्थापक जोना पेरेटी. त्यांनी २००६ मध्ये हे संकेतस्थळ सुरू केलं ते मुळात एक प्रयोगशाळा म्हणून: लोक एकमेकांना काय पाठवतात आणि का, हे पाहण्यासाठी. त्याआधी २००५ मध्ये हफिंग्टन पोस्टच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. कार्यालयात बसलेला, कंटाळलेला, हाताशी इंटरनेट असलेला माणूस हे एक मोठं प्रसारमाध्यमच आहे, असा त्यांचा जुना सिद्धान्त. त्या माणसाला पुढे पाठवण्यासारखं काही हवं असतं. आणि २०१२ हे वर्ष असं की फेसबुक मे महिन्यात शेअर बाजारात उतरलं आणि ऑक्टोबरमध्ये दरमहा शंभर कोटी वापरकर्त्यांचा टप्पा पार केल्याचं जाहीर केलं. एवढी गर्दी एका चावडीवर पूर्वी कधी जमली नव्हती.

त्या गर्दीत कुठली गोष्ट फिरते? योगायोग असा की जोना बर्गर आणि कॅथरीन मिल्कमन यांचा या विषयावरचा गाजलेला अभ्यास त्याच वर्षी आला. न्यूयॉर्क टाइम्सचे सुमारे ७००० लेख त्यांनी तपासले. कुठले लेख वाचकांनी ईमेलने सर्वांत जास्त पाठवले ते पाहिलं. जे लेख मन हलवून जागं करतात, म्हणजे थक्क करतात, चीड आणतात किंवा धास्तावतात, ते जास्त पाठवले गेले. नुसतं दुःखी करणारे कमी. एकंदरीत चांगलं वाटायला लावणारा मजकूर वाईट वाटायला लावणाऱ्यापेक्षा पुढे राहिला. २१ चित्रांची यादी या निष्कर्षाची नक्कल करून बनवली असावी इतकी त्यात बसते. एकवीस वेळा थोडंथोडं थक्क होणं, आणि शेवटी ते कुणाला तरी सांगावंसं वाटणं. शिवाय ही यादी पाठवताना पाठवणारा स्वतःबद्दलही काही सांगत होता: मी असल्या गोष्टींनी हलतो. आपल्या भिंतीवर असं काही लावायला कुणाला आवडणार नाही?

आता या प्रकरणाची दुसरी बाजू.

यादी गाजत असतानाच, त्याच महिन्यात, स्लेट या नियतकालिकात फरहाद मंजू यांनी ती कशी तयार झाली त्याचा माग काढला. यातली बरीच चित्रं आधी दुसऱ्या एका छोट्या संकेतस्थळावर, जवळजवळ तशाच मथळ्याच्या यादीत येऊन गेली होती. बझफीडने वेगळी चित्रं घातली, काही गाळली, ओळी नव्याने लिहिल्या, क्रम बदलला. यात कौशल्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. निवड आणि क्रम ही खरी संपादकीय कामं आहेत. तीच चित्रं दोघांकडे असताना एक यादी कोपऱ्यात राहिली आणि दुसरी जगभर गेली, त्याला काही कारण असणारच. पण मूळ कष्ट कुणाचे? पुरात कमरेपर्यंत भिजून कॅमेरा सांभाळणारा छायाचित्रकार, मिरवणुकीत योग्य क्षणी बटण दाबणारी व्यक्ती, त्यांची नावं वाचकाच्या लक्षात राहण्याची सोय या रचनेतच नाही. आकडा मोठ्या अक्षरांत, श्रेय असलंच तर बारीक.

हा प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत गेला, मात्र दुसऱ्या एका यादीमुळे. फुटबॉल डोक्याने मारताना खेळाडूंचे चेहरे कसे होतात, अशा ३० गमतीदार फोटोंच्या बझफीडच्या यादीत अमेरिकेतल्या एका छायाचित्रकाराचं छायाचित्र होतं. त्याने २०१३ मध्ये ३६ लाख डॉलरचा दावा लावला. रक्कम एवढी मोठी असण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे: बझफीडच्या यादीतून ते छायाचित्र डझनावारी संकेतस्थळांवर गेलं, आणि त्या प्रसाराची जबाबदारीही बझफीडवर आहे असं त्याचं म्हणणं होतं. यादी हा प्रकार उचलायला जितका सोपा, तितकाच तिच्यातून पुन्हा उचलायलाही.

पण श्रेयापेक्षाही मला जास्त अस्वस्थ करतं ते कैरोचं चित्र.

फेब्रुवारी २०११ ची सुरुवात. इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांच्या विरोधात उठाव पेटलेला. मोकळ्या जागेत नमाज पढणारे लोक वाकलेले, आणि त्यांच्याभोवती पाठ करून, हात धरून उभे ख्रिस्ती आंदोलक. वाकलेल्या माणसावर हल्ला झाला तर त्याला कळणारही नाही, म्हणून हे कडं. यादीत या चित्राला एक ओळ मिळाली, आणि वाचक हेलावून पुढच्या चित्राकडे गेला. त्यात खोटं काही नव्हतं.

आता या चित्राच्या आधी काय झालं ते बघा. १ जानेवारी २०११ ला, नव्या वर्षाच्या पहिल्या काही मिनिटांत, इजिप्तमधल्याच अलेक्झांड्रियात कॉप्टिक, म्हणजे तिथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या चर्चबाहेर बॉम्बस्फोट झाला. आत प्रार्थना संपत आली होती. वीसहून अधिक माणसं गेली. कॉप्ट लोकांचा नाताळ ७ जानेवारीला असतो. त्याच्या आदल्या रात्री, ६ तारखेला, इजिप्तमध्ये ठिकठिकाणी मुसलमान नागरिक चर्चपाशी जाऊन उभे राहिले. आमच्या शेजाऱ्यांवर हल्ला करायचा असेल तर आधी आमच्यावर करा, असा त्याचा अर्थ होता. महिन्याभराने ख्रिस्ती आंदोलक नमाजाभोवती उभे राहिले, ते या पार्श्वभूमीवर. म्हणजे ते चित्र एका भल्या माणसाच्या भलेपणाचं नाही, ती दिलेल्या शब्दाची परतफेड आहे. दोन समाज एकमेकांना काहीतरी सांगत होते आणि हे त्या संवादातलं दुसरं वाक्य होतं. पहिलं वाक्य यादीत नाही.

आणि नंतर? मुबारक ११ फेब्रुवारीला पायउतार झाले. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला कैरोत नाईलच्या काठी, मास्पेरो या सरकारी दूरचित्रवाणीच्या इमारतीसमोर, एका चर्चवरच्या हल्ल्याचा निषेध करणाऱ्या कॉप्ट लोकांच्या मोर्चावर लष्करी गाड्या चालवण्यात आल्या, गोळीबार झाला. वीसहून अधिक माणसं ठार झाली, बहुतेक कॉप्ट. यादी आली ती जून २०१२ मध्ये, या हत्याकांडाला आठ महिने उलटून गेल्यावर. त्या कड्यातले लोक मास्पेरोला होते का, हे त्या चित्रावरून कळायचं नाही. पण ज्या समाजाने ते कडं केलं त्याच्यावर मधल्या काळात काय गुदरलं होतं, त्याची खूणही यादीत नव्हती. वाचकाचा विश्वास परत आला तो अशा एका क्षणावर, ज्याचं मागचं आणि पुढचं दोन्ही कापलेलं होतं.

जपानी ज्येष्ठांचंही थोडं असंच. यासुतेरू यामादा हे ७२ वर्षांचे निवृत्त अभियंता. २०११ च्या दुर्घटनेनंतर त्यांनी साठीच्या पुढच्या कुशल लोकांना एकत्र केलं. दोनशेहून अधिक जणांनी नावं दिली. त्यांचं म्हणणं हौतात्म्याचं नव्हतं, हिशोबाचं होतं. माझं सरासरी १३ ते १५ वर्षांचं आयुष्य उरलंय, किरणोत्सर्गाने होणारा कर्करोग उद्भवायला २० ते ३० वर्षं किंवा जास्त लागतात, मग विशीतल्या मुलाऐवजी मी आत जाणं शहाणपणाचं आहे. हा युक्तिवाद कळला की ते आजोबा गोड वाटायचे थांबतात आणि मोठे वाटू लागतात. एका ओळीत त्याग मावतो, युक्तिवाद मावत नाही.

यावरून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे, आणि संपादनाच्या कामात ती मला फार उपयोगी पडली आहे. यादीतले कुठलेही दोन मुद्दे उचलून एकमेकांच्या जागी ठेवायचे. काही बिघडलं नाही तर ती यादीच आहे, खुशाल आकडे घाला. अदलाबदलीने अर्थ मोडला, किंवा मुद्दा क्रमांक चारमुळे मुद्दा क्रमांक सहा घडलाय असं लक्षात आलं, तर तो मजकूर यादीचा नाही, तो सलग सांगायचा आहे. आकडे ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘त्याआधी’ या शब्दांची जागा घेतात, आणि हे शब्द गेले की कार्यकारण जातं. मेंढी आणि लाँड्रीची पाटी एकमेकांच्या जागी सहज बसतात. कैरोचं चित्र अलेक्झांड्रियापासून तोडताच येत नाही.

पुढची हकिकत लवकर सांगण्यासारखी आहे. यश दिसल्यावर नकला झाल्या. ‘विश्वास परत मिळवून देणारी’ हे शब्द शेकडो मथळ्यांत आले. अपवर्दीसारखी २०१२ मध्येच सुरू झालेली संकेतस्थळं एकेका लेखासाठी ढिगाने मथळे लिहून त्यातला जास्त चालणारा निवडू लागली. दिल्लीत २०१३ मध्ये सुरू झालेल्या स्कूपव्हूपने हाच साचा भारतीय वाचकांसाठी वापरला. वाचकाला मात्र लवकरच कळलं की मथळ्यातली उंची आणि मजकुरातली उंची यांचा मेळ बसत नाही. फेसबुकलाही कळलं. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की फसव्या मथळ्यांचा मजकूर आता मागे टाकला जाईल. क्लिक करून गेलेला वाचक तिथे किती वेळ रमतो हे ते पाहू लागले. जानेवारी २०१८ मध्ये तर मित्र-नातेवाइकांच्या मजकुराला प्राधान्य देऊन प्रकाशकांचा वाटाच कमी केला गेला. ज्या चावडीवर यादी वाढली ती चावडी दुसऱ्याच्या मालकीची होती. २०१९ च्या जानेवारीत बझफीडने सुमारे १५ टक्के कर्मचारी कमी केले, आणि एप्रिल २०२३ मध्ये बातम्यांचा विभाग बंद केला.

त्या बातमी विभागाची नोंद इथे घ्यायलाच हवी. याद्यांच्या पैशावर तो उभा राहिला होता, आणि २०२१ मध्ये त्याला पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक मिळालं: चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या बंदीछावण्यांच्या शोधासाठी, मेघा राजगोपालन, ॲलिसन किलिंग आणि क्रिस्टो बुशेक या तिघांना. उपग्रहचित्रं, वास्तुरचनेचं ज्ञान, सुटून आलेल्यांच्या मुलाखती यांची सांगड घालून लिहिलेली ती लेखमाला होती. तिच्यात एकाही भागाची दुसऱ्याशी अदलाबदल करता आली नसती. एकाच घरात दोन्ही प्रकारचं लेखन होत होतं आणि घरातल्या लोकांना कुठलं काम कुठल्या प्रकाराचं हे ठाऊक होतं. लोकांच्या मनात मात्र नाव राहिलं ते यादीचं.

मराठीत हा प्रश्न आज रोजचा आहे. आपल्या वृत्तसंकेतस्थळांवर वेब स्टोरी नावाने येणारा मजकूर म्हणजे बोटाने सरकवायची यादीच असते, आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या आरोग्याच्या, कागदपत्रांच्या, प्रवासाच्या याद्यांवर अनेक घरांचे निर्णय होतात. त्यांना सरसकट हलकं ठरवणाऱ्याने पुराच्या गावात एक पावसाळा काढून पाहावा. कृष्णेला पाणी चढतंय, घर सोडायचंय, तेव्हा काय बरोबर घ्यायचं याची यादीच हवी: रेशन कार्ड, आधार, जमिनीचे कागद, रोजच्या गोळ्या, बॅटरी, प्यायचं पाणी, लहान मुलांचे कपडे. कुठलीही वस्तू कुठल्याही क्रमांकावर चालेल, एकही राहता कामा नये. आकडा घातलेला असेल तर घाईत मोजून घेता येतं. अशा वेळी कुणी ओघवता लेख लिहिला तर तो वाचकाशी दुष्टपणा होईल.

त्याच पुराची ‘महापुराची ७ कारणं’ अशी यादी मात्र मी छापणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं तेव्हा अशा याद्यांना तोटा नव्हता. सह्याद्रीच्या माथ्यावर अतिवृष्टी झाली. ती झाली तेव्हा धरणं आधीच बरीच भरलेली होती. म्हणून कोयनेसारख्या धरणांतून पाणी सोडावं लागलं. ते पाणी आणि मधल्या खोऱ्यातल्या पावसाचं पाणी एकाच वेळी खाली आलं. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला वारणा मिळते, तिथे दोन्ही नद्या फुगलेल्या होत्या. आणि ते पाणी पसरायला जी जागा हवी होती तिथे पूररेषेच्या आत घरं उभी होती. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून दोन राज्यांत वाद झाला, तो वेगळाच. यातलं ‘म्हणून’ काढून टाकलं आणि प्रत्येक कारणाला आकडा दिला, की वाचक आपल्या आवडीचं एक कारण उचलतो. कुणी पाऊस उचलतो, कुणी अलमट्टी, कुणी बिल्डर, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाद चालतो. धरणात जुलैअखेर किती पाणी ठेवायचं, हा एकच प्रश्न घ्या. तो पहिल्या तिन्ही कारणांना एकदम हात घालतो, आणि सुट्या सात मुद्द्यांच्या यादीत त्याला कुठल्याच क्रमांकावर जागा नसते.